सुधारून वाढवलेली आवृत्ती

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी अकाउंटन्सीचं एक जाडजूड पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून निम्म्या किमतीत आणलं होतं. सरांनी ते हातात घेतलं, मुखपृष्ठाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही जुनी आवृत्ती. नवी घे. सुधारून वाढवलेली आहे." नवी आणली. रात्री दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पानं ताडून पाहिली. पहिल्या आवृत्तीत 'अ' आणि 'ब' यांची भागीदारी ३१ मार्च १९९७ रोजी मोडली होती, ती नव्या आवृत्तीत ३१ मार्च १९९९ रोजी मोडली. म्हणजे त्या दोघांचा संसार दोन वर्षं जास्त चालला, ही सुधारणा. वाढ म्हणाल तर किमतीत.

तेव्हापासून 'सुधारित' हा शब्द कुठं दिसला, की माझा हात आधी खिशाकडे जातो आणि पाकीट जागेवर आहे ना हे पाहतो.

आज मला परीक्षण करायचंय ते मात्र पुस्तकाचं नाही, मोटारगाडीचं. चारशे रुपयांच्या कादंबरीवर रविवारच्या पुरवणीत दोन-दोन कॉलम येतात. कादंबरी नाही आवडली तर माणूस फार तर ती मित्राच्या मुंजीत भेट देतो. गाडी नाही आवडली तर काय करणार? तिचे हप्ते सात वर्षं चालतात. सात वर्षं पुरेल असं वाङ्मय मराठीतदेखील थोडंच आहे. तेव्हा गाडीचं परीक्षण जास्त कसून व्हायला हवं. आता माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. नवी कविता आधी संपादकाकडे जाते, तशी नवी गाडी कोटेशनच्या रूपानं आधी माझ्याकडे येते. गाडी चालवणारे लाख असतील, गाडी वाचणारा मी.

परीक्षणासाठी घेतलेली गाडी टाटांची नेक्सॉन. कारण सांगतो. एक तर ती आपल्या शेजारची, रांजणगावची. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावी तिचा कारखाना, म्हणजे माहेर तसं भारदस्त. दुसरं, २०२१-२२ आणि २०२२-२३ या लागोपाठच्या दोन आर्थिक वर्षांत ती देशात सर्वांत जास्त खपलेली एसयूव्ही होती. खपाचं पुस्तक घेतलं म्हणजे लेखकावर अन्याय होत नाही. तिसरं कारण आमच्या आईचे गुडघे. त्याकडे येतो सावकाश.

या जातीच्या गाडीला 'कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर एसयूव्ही' म्हणतात. सांगाडा साध्या मोटारीचा आणि आव जीपचा, एवढाच त्याचा मराठी अर्थ. धोतरावर कोट घालून कचेरीत जाणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रकार मुळीच परका वाटला नसता. ती 'कॉम्पॅक्ट' का, याचं उत्तर इंजिनियरला विचारू नका, ते कॉमर्सवाल्याकडेच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि लहान कशाला म्हणायचं तेही सांगितलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेलचं १५०० च्या आत. झालं! आज या गाडीची लांबी किती? ३९९५ मिलिमीटर. पेट्रोल इंजिन? ११९९ सीसी. डिझेल? १४९७. बाटाच्या दुकानात चप्पल शंभर रुपयांची नसते, ९९ रुपये ९५ पैशांची असते, त्यातलाच हा शास्त्रीय शोध. पुढं जीएसटी आला तरी ही रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या अलीकडच्या गाडीला १८ टक्के आणि पलीकडच्या गाडीला ४० टक्के. पाच मिलिमीटर म्हणजे पाच-सहा पोस्टकार्डं नसतील, पंचवीस-तीस असतील, पण त्या जाडीला किती किंमत आहे पाहा. दरवर्षी चेहरा बदलायचा, पण नाक पुढं येता कामा नये, अशी या गाडीच्या चित्रकारांची अवस्था. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. आमच्याही कर्जमंजुरीच्या फॉर्मात शेऱ्याला तेवढीच जागा असते.

आता पहिली आवृत्ती. सप्टेंबर २०१७. किंमत ५ लाख ८५ हजारांपासून पुढं, शोरूमच्या दारापर्यंतची. दाराबाहेर काय होतं ते आम्हाला विचारा. खिडक्यांच्या खालून एक पांढरी पट्टी ओढलेली, उपरण्याच्या काठासारखी. पहिल्या आवृत्तीत लेखक जसा सगळं सांगून टाकतो, तसं या गाडीत झालं होतं. जमिनीपासून पोटाखाली २०९ मिलिमीटर अंतर, म्हणजे पुण्याच्या गतिरोधकांचा कुणीतरी मनापासून अभ्यास केलेला. आणि पुढच्या दारात छत्री ठेवायला खास खाच! ज्या माणसानं मोटारीच्या दारात ओल्या छत्रीचा विचार केला, त्याला मी कधी भेटलो नाही, पण तो कोकणातला असावा किंवा त्याची बायको तरी.

त्याच साली दिवाळीनंतर आमच्या हेडकॅशियरनं ही गाडी घेतली आणि एका लग्नाहून येताना आईला घरी सोडलं. आई तेव्हा एकाहत्तरची. एसटीची पायरी तिला फार उंच आणि लहान मोटारीची सीट फार खोल. एसटीत चढवताना मागून दोघं लागत, मोटारीतून उतरवताना पुढून दोघं. या गाडीचं दार उघडलं, ती पाठमोरी उभी राहिली आणि सरळ बसली. कुणाचा हात न धरता. बसून म्हणाली, "अरे, ही आपल्या खुर्चीएवढी आहे."

माझ्या मते हे या गाडीवरचं आजवरचं सर्वोत्तम परीक्षण. मी पुढं जे काही लिहितोय ती टीप समजा.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या खुर्चीची उंची शिंप्याच्या टेपनं मोजली, टेपवर पेनानं खूण केली आणि शोरूममध्ये जाऊन सीटची मोजली. विक्रेता पोरगा चांगला होता. त्याला वाटलं, मी सीटकव्हरवाला आहे. खूण जवळजवळ तंतोतंत जुळली. मी ठरवलं, हीच घ्यायची, आणि गणपतीला आईला गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी न्यायचं. आणि त्याच संध्याकाळी साडू आले.

आमचे साडू मोटारीतले तज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे मोटार आहे म्हणून नव्हे, ते मोटारींबद्दल सगळं वाचतात म्हणून. ते म्हणाले, "थांबा. पहिल्या वर्षीची गाडी कधी घेऊ नये. कंपनी गिऱ्हाइकावर हात बसवते." पटलं. थांबलो. २०१८ साली क्लच न दाबता चालणारी आली. साडू म्हणाले, "आता याच्यावर चेहरा बदलून येणार. थांबा." २०१९ साली म्हणाले, "१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सिक्स. आत्ता घेतलीत तर चार महिन्यांत जुनी." हे तर सरकारनंच सांगितलेलं. थांबलो. जानेवारी २०२० मध्ये नवी आवृत्ती आली, मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. पुढची दोन वर्षं चिपा मिळेनात म्हणून गाड्यांना महिनोन् महिने नंबर. मग २०२२ ला साडू म्हणाले, "एवढं थांबलात, आणखी थोडं थांबा, पुढच्या वर्षी पुरा कायापालट आहे." सप्टेंबर २०२३ मध्ये कायापालट झाला. मी फोन केला. साडू म्हणाले, "छे छे, नव्या चेहऱ्याची पहिल्या वर्षीची गाडी कधी घेऊ नये."

म्हणजे सहा वर्षांत मी रेसकोर्सच्या घोड्यासारखा जिथून सुटलो तिथंच येऊन पोचलो होतो. फरक इतकाच, की आई सत्त्याहत्तरची झाली होती. दरवर्षी श्रावण लागला की ती विचारायची, "यंदा जमेल का रे?" २०२२ पासून तिनं विचारणं सोडलं. आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

असो. परीक्षणाकडे वळू.

मधल्या वर्षांत या गाडीत काय काय सुधारलं, याचा मी बँकेच्या रजिस्टरसारखा ताळेबंद मांडून पाहिलाय. त्यात दिसणाऱ्या सुधारणा आणि न दिसणाऱ्या सुधारणा असे दोन रकाने पडतात. गंमत अशी, की लोक पैसे मोजतात पहिल्या रकान्यासाठी आणि जगतात दुसऱ्यामुळे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं ही गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं आपटून तिला चार तारे दिले. डिसेंबरमध्ये पुन्हा आपटली, पाच दिले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. या चार महिन्यांत गाडीत कोणता रंग आला, कोणती चमकपट्टी आली? काही नाही. पुढच्या दोघांनी पट्टा बांधला नाही तर कुरकुर करणारा आवाज सगळ्या गाड्यांत आला. बस. बाहेरून पाहणाऱ्याला जुनी कोणती, नवी कोणती, सांगता येणार नाही. पण मी परीक्षक म्हणून सांगतो, आजवरच्या आवृत्त्यांतली ती सर्वांत मोठी सुधारणा. आणि तिचं मोल आम्ही कसं केलं? माझ्यासमोर एका कर्जदारानं फाइल पुढं सरकवत अभिमानानं सांगितलं, की त्या आवाजावर उपाय म्हणून त्यानं पट्ट्याचं नुसतं टोक विकत आणून खाचेत अडकवून ठेवलंय. पाच ताऱ्यांची गाडी घेऊन त्यातला एक तारा तीस-चाळीस रुपयांत विझवणारा हा देश आहे. मी त्याच्या विम्याचे कागद दोनदा तपासले.

न्यायानं सांगायचं तर तेव्हाचे पाच तारे मोठ्या माणसांसाठी होते, मुलांसाठी तीनच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या, जास्त कडक नियमांनी दोन्हीकडे पाच झाले. २०२३ पासून सहा एअरबॅगाही सगळ्या प्रकारांत आल्या, स्वस्तातल्यासुद्धा. हे मी ठळक अक्षरांत लिहीन. स्वस्तातल्या माणसाचं डोकं स्वस्तातलं नसतं, हे कारखानदारीच्या व्यवसायाला फार उशिरा सुचतं.

आता पहिला रकाना. त्यात मानाचं पान छपरातल्या काचेला, म्हणजे सनरूफला. २०२० च्या जानेवारीत ती आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कमी किमतीच्या प्रकारातही उतरली. तेव्हापासून माझ्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक जोडप्यात एकच संवाद. नवरा म्हणतो, "नको." बायको म्हणते, "मुलांना आवडतं." मी गप्प बसतो, कारण हप्ता माझ्या खिशातून जाणार नसतो. पण परीक्षक म्हणून विचारतो, पुण्यात मार्च ते मे डोक्यावर ऊन घ्यायचं, जून ते सप्टेंबर पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत धूळ. तर ही काच उघडायची कधी? मुलं त्यातून धड बाहेर काढून उभी राहतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. आईला मी या सनरूफची जाहिरात दाखवली. ती म्हणाली, "आपल्या घरी माजघरावर काचेचं कौल होतं की. त्याचे निराळे पैसे कुठं घेतले होते?"

२०२३ च्या आवृत्तीत चेहरा दुभंगला. वर बारीक दिवे आणि खाली, बंपरच्या कोपऱ्यात, खरे दिवे. म्हणजे कुंकू वर आणि डोळे गालावर. कुलूप उघडलं की दिवे लाटेसारखे पळतात, लावलं की निरोप देतात. सुरुवातीला छान वाटतं, खोटं कशाला बोलू; आमच्या वाड्यात कुणी त्याला स्वागत आणि निरोप दिलेला नाही बऱ्याच वर्षांत. स्टिअरिंगला दोनच दांड्या, मधोमध उजळणारं बोधचिन्ह. मात्र एसीच्या बटणांच्या जागी गुळगुळीत काळी काच आली आणि दोन खटके तेवढे उरले, त्याबद्दल माझी तक्रार आहे. बटण आंधळ्यालाही सापडतं. मी नोटा मोजताना गिऱ्हाइकाशी बोलू शकतो, कारण बोटांना नोट कळते. काचेवर बोट ठेवायचं तर आधी डोळा ठेवावा लागतो, आणि डोळा तिथं ठेवला तर रस्त्यावर कोण ठेवणार? युरोपातल्या सुरक्षा-चाचणीवाल्यांनीही २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना खरी बटणं असली तरच पुरे गुण, असं ठरवलंय. एसीचं त्यांनी धरलेलं नाही. तिकडं उकडत नसावं.

नावांचं काय सांगू! पूर्वी प्रकारांना एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सझेड अशी नावं होती. त्याला पुढं प्लस लागला, मग कंसात एस लागला. आमच्या कोटेशनच्या रकान्यात मावेना. २०२३ मध्ये कुणीतरी शहाण्यानं ते सगळं पुसलं आणि गुणवाचक विशेषणं दिली: स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस. सर्वांत स्वस्त ती स्मार्ट. इथं मी टोपी काढतो. इतकं प्रामाणिक नामकरण मोटारधंद्यात झालेलं नाही. आणि जो सगळ्यांत जास्त कर्ज काढतो तो फिअरलेस, निर्भय. जामीनदाराचं नाव मात्र अजून कुणी ठेवलेलं नाही.

दरवर्षी थोडं थोडं बदलायचं हे काही टाटांचं पाप नव्हे. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं दरसाल रूप बदलायची ही रीत पाडली, कारण फोर्डची मॉडेल टी तशीच्या तशी वर्षानुवर्षं चालली होती आणि गिऱ्हाईक तीच गाडी मरेपर्यंत वापरत होतं. आपल्याकडं मात्र अँबॅसॅडर १९५८ ते २०१४ चालली. मार्क टू आणि मार्क थ्री यांतला फरक ओळखायला पुढच्या जाळीकडे टक लावून पाहावं लागे. त्या गाडीला सुधारायचं कुणाच्या मनात नव्हतं आणि लोक तक्रार करत, की बदलत का नाही. आता बदलते म्हणून मी तक्रार करतोय. गिऱ्हाईक म्हणजे जावई, हेच खरं.

कॉमर्सवाल्याला टोचतं ते निराळंच. विम्याच्या कोष्टकात गाडी सहा महिन्यांत पाच टक्के झिजते, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, पुढं तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. हा झाला लोखंडाचा घसारा. नव्या आवृत्तीमुळं मनाला जो घसारा लागतो, त्याचं कोष्टक कुठंच नाही. काल धुतलेली गाडी आज सिग्नलला नव्या चेहऱ्याच्या गाडीशेजारी उभी राहिली, की एका मिनिटात तिचे पन्नास टक्के उडतात. इंजिन तेच, सीट तीच. मी २०२० ला आणि २०२३ ला, दोन्ही वेळा तीच शिंप्याची टेप घेऊन गेलो होतो. खूण जागची हलली नव्हती. जी गोष्ट आम्हाला हवी होती ती पहिल्या दिवसापासून होती आणि मी सहा वर्षं तिच्यात सुधारणा व्हायची वाट पाहत होतो.

जुलै २०२४ मध्ये एका रविवारी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आईंच्या कपाटात तांब्याच्या ताम्हनाशेजारी एक पिशवी भरून ठेवलीय. अत्तर, वाती, गावच्या मुलांना द्यायचे पेन. केव्हापासून आहे कोण जाणे. पेनांची शाई वाळलीय."

मी साडूंना फोन केला नाही. स्मार्ट व्हायचं वय गेलेलं, फिअरलेस होण्याइतका पगार नाही, क्रिएटिव्ह काय तो या पानापुरता. प्युअर घेतली. किंमत किती विचारू नका. या आवृत्तीची सुरुवातच ८ लाख १० हजारांपासून होती. स्वतःचाच कर्जाचा अर्ज स्वतःच तपासताना एक कागद कमी निघाला, तो स्वतःला परत केला.

७ सप्टेंबरची चतुर्थी. आम्ही आदल्या दिवशी पहाटे निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, मग कुंभार्ली घाट. आई पुढं बसली होती, पाठमोरी उभी राहून, सरळ, कुणाचा हात न धरता. घाटाआधी चहाला थांबलो, तेव्हा पाय लांब करायला म्हणून ती मागं गेली आणि तिची ती पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. पेनं नवी होती, वर तीन नारळ आणि मोदकांची पिठी. गाडी सुरू केली तशी कुरकुर सुरू झाली.

याच वेळी साडूंचा फोन. "गाडी घेतलीत म्हणे? अहो, काय केलंत! याच महिन्यात सीएनजीवाली येतेय, छपराला अख्खी काच असलेली. पंधरा-वीस दिवस थांबायला काय झालं होतं?" (आणि आली हो! २४ सप्टेंबरला. माणूस तज्ज्ञ आहे, यात वाद नाही.)

"कोण रे?" आईनं मागून विचारलं.

"साडू. म्हणतात, थांबायला हवं होतं."

"त्यांना म्हणावं, गणपती आटोपले की सांगा," आई म्हणाली. तिनं स्वतःचा पट्टा ओढून खट्‌कन लावला. "आणि त्या पिशवीलाही पट्टा बांध. केव्हाची ओरडतेय बिचारी."